पाच किलोच्या डब्याने कंबर धरली?

नमस्कार मॅडम,

मी ४७ वर्षांची आहे, डोंबिवलीला राहते, ठाण्याला नोकरी करते. गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या पहाटे साडेपाचला ओट्याखालून बेसनाचा डबा काढायला वाकले आणि कमरेत अशी उसण भरली की सरळच होता येईना. डबा जेमतेम पाच किलोचा! आदल्या तीन दिवसांत माळा, पंखे, पडदे, गाद्या सगळं उरकलं होतं, रात्री एकपर्यंत खाली बसून चकल्या तळल्या होत्या, तेव्हा काही झालं नाही. चार दिवस अंथरुणात काढले. लक्ष्मीपूजनाची आरती आतल्या खोलीतून ऐकली. भाऊबीजेला नाशिकला भावाकडे जाणं राहिलं. सासूबाईंनी शेजारच्या पायाळू मुलाचा पाय पाठीला लावून घेतला. एक्स-रे काढला, तर ‘मणक्यात गॅप आहे, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही’ असं सांगितलं गेलं. मिस्टरांनी पट्टा आणून दिला. महिन्याभरात बरी झाले. आता नवरात्र बसलंय आणि माझ्या पोटात आतापासूनच गोळा येतोय. आमच्याकडे फराळ सगळा घरचा लागतो. मुलगा बारावीला, मिस्टरांना सुट्टी थेट लक्ष्मीपूजनाला. पट्टा बांधून काम करू का? खाली बसणं बंद करू का? की यंदा सगळं विकत आणू? सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, अजून रोज दारात बसून ठिपक्यांची रांगोळी काढतात. त्यांचंही सांगा.

ताई,

आधी त्या डब्यावरचा आळ काढून टाकू. स्टेशनवरून घरी येताना तुमच्या हातात भाजीची पिशवी आणि खांद्यावर पर्स असते, त्या दोन्हींचं मिळून वजन सहज पाच किलो भरेल. ते घेऊन तुम्ही रोज पुलाचे जिने चढता-उतरता. तुमच्या कमरेला पाच किलोचं काहीच नाही. तिला नडलं ते डब्याच्या आधीचं. तीन दिवसांत तुम्ही वर्षभराची कामं काढलीत, शेवटच्या रात्री खाली बसून तळण केलंत, चार तास झोपलात आणि पहाटे उठल्याउठल्या पार खालपर्यंत वाकलात. तो डबा नसता तर चपला घालायला वाकताना किंवा बादली उचलताना हेच झालं असतं.

पहाटेची वेळ मी मुद्दाम अधोरेखित करते. आपल्या मणक्यांच्या मध्ये ज्या चकत्या असतात त्या दिवसभर शरीराच्या भाराखाली थोड्या थोड्या दबत जातात आणि रात्री आडवं झाल्यावर पुन्हा पाणी शोषून फुगतात. म्हणूनच सकाळी उठल्यावर माणूस रात्रीपेक्षा साधारण एक-दीड सेंटीमीटर उंच भरतो. फुगलेली चकती ताठर असते, आणि त्या वेळी कमरेतून पुढे वाकलं तर तिच्यावर आणि मागच्या अस्थिबंधांवर, म्हणजे हाडांना हाडं बांधून ठेवणाऱ्या तंतूंवर, दिवसा येतो त्यापेक्षा बराच जास्त ताण येतो. उठल्यानंतरचा पहिला अर्धा-पाऊण तास यात सगळ्यात नाजूक. नेमका त्याच वेळात आपल्याकडे नरकचतुर्दशीला पाणी तापवणं, बादल्या भरणं, दारात सडा-रांगोळी आणि पाटाभोवती लगबग चालते. अभ्यंगस्नान पहाटेच व्हायला हवं, ते मला मान्य आहे. पण बादली आदल्या रात्री भरून ठेवता येते. पाट, तेलाची वाटी, उटणं, कपडे हे सगळं टेबलाच्या उंचीवर काढून ठेवता येतं. उठल्यावर आधी घरात चार फेऱ्या मारा, चहा उभ्याने घ्या, मग वाकायचं ते वाका. १९९८ मध्ये अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांवर एक साधा प्रयोग झाला होता. सकाळी उठल्यावर काही वेळ वाकायचं नाही, एवढंच त्यांना शिकवलं गेलं. एवढ्यानेही त्यांच्या दुखण्याचे दिवस कमी झाले.

आता त्या ‘गॅप’चं बोलते, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त भीती मला त्या शब्दाची दिसली. एक्स-रेवर दोन मणक्यांमधली जागा कमी दिसते, म्हणजे मधली चकती थोडी बसलेली असते. वय वाढतं तसं हे बहुतेकांचं होतं. कसलंही दुखणं नसलेल्या लोकांचे एमआरआय काढून पाहिले तर विशीतल्या दहापैकी तीन-चार जणांच्या आणि पन्नाशीतल्या दहापैकी आठ जणांच्या चकत्या झिजलेल्या दिसतात. त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून ते बिनघोर वाकतात. तुमची उसण महिन्याभरात गेली, गॅप मात्र आजही तिथेच असेल. दुखणं त्या गॅपचंच असतं तर तुम्ही वर्षभर लोकलने ये-जा केली नसती. तेव्हा ‘वाकायचं नाही, उचलायचं नाही’ हा सल्ला त्या आठवड्यापुरता ठीक होता, जन्मभरासाठी नाही. जी पाठ वर्षभर जपून ठेवली जाते, तीच दिवाळीच्या धबडग्यात पहिल्यांदा हात टेकते.

म्हणून तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या आधी मला कॅलेंडर काढायला लावायचंय. नवरात्र चालू असताना पत्र पाठवलंत हे फार बरं केलंत. दसऱ्यापासून धनत्रयोदशीपर्यंत साधारण अठरा दिवस मिळतात. गेल्या वर्षी तुम्ही त्यातले पहिले चौदा-पंधरा दिवस ऑफिस आणि स्वयंपाकात घालवून सगळं शेवटच्या तीनात कोंबलंत. नोकरी करणाऱ्या बाईचं असंच होतं, त्यात तुम्हाला बोल लावण्यासारखं काही नाही. पण स्नायूंचं गणित असं आहे की रोज एक तास काम करणाऱ्या कमरेला दीड तास पेलतो, दोन तास कुरकुरत पेलतो, एकदम आठ तास दिले की ती धरते. दसऱ्यानंतरच्या पहिल्या शनिवार-रविवारी माळा आणि गाद्या, मधल्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी एकच पंखा किंवा एकाच खोलीचे पडदे, असं पसरा. एका दिवशी एकच जड काम. आणि आदल्या रात्री जागरण झालं असेल तर दुसऱ्या दिवशी जड काम नाहीच, मग ते कितीही राहिलेलं असो. झोप कमी पडली की तेच दुखणं जास्त दुखतं आणि स्नायू सावरायला वेळ लागतो. चार तासांच्या झोपेवर तुम्ही ओट्याशीच काय, लोकलच्या दारातही उभं राहू नये असं माझं मत आहे.

फराळाचंही तसंच. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवून, सुकवून, कुटून गूळ घातलेलं पीठ चांगलं मुरायलाच हवं असतं, ते दसऱ्यानंतर लगेच होऊ शकतं. भाजणी भाजून गिरणीतून आणून ठेवता येते. चिवडा आणि शंकरपाळे घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा दिवस आधी करून ठेवले तरी कुरकुरीत राहतात. शेवटच्या दोन दिवसांसाठी फक्त चकली आणि करंजी उरायला हवी.

चकलीवर मी जरा रेंगाळते, कारण दिवाळीनंतर माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या खांद्यांत आणि मनगटांत बहुतेक वेळा चकलीच अडकलेली असते. उकड गार झाली की घट्ट होते, आणि घट्ट पीठ सोऱ्यातून उतरवायला दुप्पट जोर लागतो. तो जोर मनगट फिरवून काढला की मनगट जातं, खांदे कानाला लावून काढला की मान जाते. तेव्हा सगळं पीठ एकदम मळून ठेवू नका. उकड ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा, सोऱ्यात जाईल तेवढाच गोळा काढून पाण्याचा हात लावून चांगला मऊ मळा आणि लगेच भरा. सोऱ्याला आतून तेलाचं बोट फिरवा. पितळी फिरवायचा सोऱ्या असेल तर सोऱ्या एका हातात हवेत धरून दुसऱ्या हाताने पिळण्याऐवजी दोन्ही कोपरं अंगाजवळ ठेवा आणि दर दोन घाण्यांनी हात बदला. दाबायचा सोऱ्या असेल तर उंचीकडे लक्ष द्या. जोर लावायचं काम कोपराच्या चांगलं वीतभर खाली असावं, म्हणजे वरून अंगाचा भार देता येतो. बहुतेकींना ओटा त्यासाठी उंच पडतो, जेवणाचं टेबल बरोबर बसतं. टेबलावर कागदाचे किंवा प्लास्टिकचे तुकडे मांडून त्यावर चकल्या पाडा आणि मग कढईकडे न्या. करंजीला मुरड घालणं उलट आहे. त्यात जोर नसतो, नजर लागते, म्हणून ताट कोपराच्या उंचीला किंवा थोडं वरच हवं, नाहीतर मान दोन तास खाली घातलेली राहते. टेबलावर दोन जाड पाट ठेवून त्यावर ताट ठेवा, काम झालं.

बेसन भाजताना अर्धा किलोचा घाणा घ्या. एक किलोची कढई मंद आचेवर हलवत राहायला पाऊण तास लागतो आणि शेवटी उलथनं ओढताना खांद्याची वाट लागते. लांब दांड्याचं उलथनं, दर पाच मिनिटांनी हातबदल, आणि पायाखाली घडी घातलेली सतरंजी किंवा घरातल्या मऊ स्लिपर. ओट्याखालच्या कपाटाचं दार उघडून त्याच्या खालच्या फळीवर एक पाय ठेवून उभं राहा, थोड्या वेळाने दुसरा ठेवा. कमरेचा बाक कमी होतो आणि तासभर उभं राहणं सुसह्य होतं.

खाली बसणं बंद करू का, असं विचारलंत. नका करू. मांडी घालून बसणं ही आपल्याकडची चांगली सवय आहे, तिने खुब्याचे आणि गुडघ्याचे सांधे हलते राहतात. नडतं ते मांडी घालून, पाठीचा कणा धनुष्य करून, समोरच्या शेगडीकडे दोन-दोन तास वाकून राहणं. अशा वेळी पाठीचे स्नायू काम थांबवतात आणि सगळा भार मागच्या अस्थिबंधांवर लोंबकळतो. ते हळूहळू ताणून सैल होतात, आणि उठल्यावर पूर्ववत व्हायला मिनिटं लागतात, कधी अर्धा तासही. त्या मधल्या वेळात कमरेची राखण कच्ची असते. बाई उठते, सरळ होते न होते तोच तेलाची कढई उचलते, आणि मग म्हणते, कढईने घात केला. बसताना बुडाखाली चार बोटं उंच पाट किंवा घडी घातलेली गोधडी घ्या, म्हणजे कंबर आपोआप ताठ राहते. शेगडी हाताच्या टप्प्यात ओढा. वीस मिनिटांचा गजर लावा, गजर झाला की उठा, कमरेवर हात ठेवून थोडं मागे वाका, पाणी प्या, पुन्हा बसा. आणि तळण संपवून उठल्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं घरात चाला, त्याआधी काहीही उचलायचं नाही. तेल गार होईपर्यंत कढईला तसंही हात लावायचा नसतोच.

माळ्याचं काम मात्र तुमचं नाही. हे मी ठामपणे सांगते. माळ्यावरून पितळी पातेली, पिंप, जुन्या गाद्या काढायच्या म्हणजे हात डोक्याच्या वर, पाय प्लास्टिकच्या खुर्चीवर आणि वजन अंगापासून लांब. कंबर, खांदा आणि पडण्याची भीती असं तिन्ही एकाच कामात. हे दोघांचं काम आहे. एक जण भक्कम लाकडी स्टुलावर किंवा शिडीवर, दुसरा खाली झेलायला. मिस्टरांना लक्ष्मीपूजनापर्यंत सुट्टी नसेल, रविवार तर असतो. आणि बारावीच्या मुलाला दिवाळीत हात लावायचा नाही हा आपल्या घरांमधला एक अलिखित कायदाच झाला आहे. अर्धा तास माळ्यावर चढून त्याचे गुण कमी होणार नाहीत, उलट टेबलाशी वाकून बसलेल्या त्याच्याही पाठीला बरंच वाटेल. गादी उलटायची ती दोघांनी, समोरासमोर उभं राहून. लोखंडी कपाट सरकवायचं तर आधी आतलं रिकामं करून, आणि ओढायचं नाही, ढकलायचं. बादली भरली की वीस किलोची होते, म्हणून एक काठोकाठ भरलेली नेण्यापेक्षा अर्ध्या-अर्ध्या दोन, दोन्ही हातांत. सिलिंडर तर भरलेला असताना तीस किलोच्या आसपास असतो, तो उचलण्यात कोणी शौर्य दाखवू नये. तळाच्या कडेवर तिरका करून फिरवत न्यायचा.

एरवी खालची वस्तू उचलताना ‘गुडघ्यात वाका’ असं सगळे सांगतात. गुडघे दुखत असतील तर ते जमत नाही आणि मग माणूस पुन्हा कमरेतच वाकतो. मी खुब्यातून वाकायला सांगते. घरी करून पाहा. झाडूची काठी पाठीला उभी लावा, ती डोक्याला, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे. आता गुडघे किंचित सैल सोडून बूड मागे न्या, जणू मागच्या कपाटाचं दार बुडाने लावताय. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली तर तुम्ही खुब्यातून वाकलात. वस्तू पोटाशी घ्या, मग सरळ व्हा. आणि तो बेसनाचा डबा यंदा ओट्याखाली ठेवूच नका. दिवाळीच्या आठवड्यात सतत लागणारी रवा, मैदा, साखर, तूप, बेसन ही पाचही मंडळी कमरेच्या उंचीच्या फळीवर आणून ठेवा.

पट्टा. मिस्टरांनी काळजीने आणला हे कळतं, पण पट्टा बांधल्याने उसण टळत नाही. २०१६ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात एक मोठा आढावा आला. त्यात तीस हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. नुसता पट्टा आणि बुटात घालायचे तळवे यांनी कंबरदुखी टळल्याचं दिसलं नाही. व्यायाम आणि त्याच्या जोडीला माहिती, यांनी मात्र वर्षभरात कंबरदुखीचा धोका चाळीस टक्क्यांहून जास्त कमी झाला. पट्ट्याचं काम एवढंच की दुखणं जोरात असताना तासा-दोन तासांसाठी तो आधार देतो. दिवसभर बांधून कामं करत राहिलात तर ‘आता मला काही होत नाही’ या भरवशावर नको ते उचलाल. पट्टा कपाटात ठेवा आणि मिस्टरांना सांगा की त्यापेक्षा रविवारी दोन तास तुमचे हात द्या.

व्यायाम आत्तापासून सुरू केलात तर तीन आठवडे हाताशी आहेत. फार काही नको. रोज अर्धा तास भरभर चालणं, हवं तर ठाण्याला ऑफिसपर्यंत रिक्षा सोडून. त्याच्या जोडीला तीन प्रकार. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं. पाठीवर झोपून गुडघे उभे ठेवून कंबर वर उचलणं आणि पाच आकडे मोजून खाली आणणं, दहा वेळा. हात-गुडघ्यांवर रांगल्यासारखं होऊन समोर उजवा हात आणि मागे डावा पाय लांब करणं, मग उलट, पाठ न हलवता. कमरेत थोडं ओढल्यासारखं वाटलं तर चालेल, पायात कळ उतरली तर थांबा आणि एखाद्या फिजिओथेरपिस्टला दाखवून घ्या. सूर्यनमस्कार वर्षभर घालत असाल तर घाला, पण दिवाळीसाठी म्हणून नव्याने बारा-बारा घालायला लागू नका.

विकत आणण्याबद्दल माझं मत तुम्हाला सोयीचं वाटेल, सासूबाईंना वाटेल की नाही सांगता येत नाही. डोंबिवलीत घरगुती फराळ करून देणाऱ्या बायका आणि बचत गट गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांच्या हातची चकली उत्तम असते. सगळं विकत आणलं तर घरात दिवाळीचा वास येणार नाही, हे सासूबाईंचं म्हणणंही खरं. मधला मार्ग असा की ज्यात जास्त दामटावं लागतं ते बाहेरून आणा, म्हणजे चकली आणि हवी असल्यास बुंदीचे लाडू. ज्यात वास, चव आणि हाताची कला आहे ते घरी करा. सासूबाईंना ‘मला जमत नाही’ असं सांगायला जाऊ नका, त्यातून तुमच्या तब्येतीची चर्चा सुरू होईल आणि ती लांबेल. अनारशाच्या पिठाची सगळी सत्ता त्यांच्या हाती द्या, करंजीचं सारण त्यांनी टेबलाशी खुर्चीत बसून भरावं. चकली कुणाकडून आणायची तेही त्यांनाच ठरवू द्या. नमुना चाखून नाव ठेवायचा मान त्यांचा.

त्यांची रांगोळी थांबवू नका. ७४ व्या वर्षी रोज खाली बसून उठणाऱ्या बाईचे पाय चांगले आहेत. एक सहा इंची लाकडी पाट किंवा बुटकं स्टूल द्या, उठताना धरायला दाराची चौकट हाताच्या टप्प्यात हवी, आणि दिवाळीत मोठी रांगोळी हवी असेल तर ती दोन बैठकींत. त्यांच्या बाबतीत मला कमरेपेक्षा पडण्याची चिंता जास्त आहे. अभ्यंगस्नानाच्या दिवशी न्हाणीत तेल, उटणं आणि पाणी मिळून फरशी अशी काही निसरडी होते की तरुण माणूसही आपटतो. त्या वयात हाडं ठिसूळ असतात, नुसतं बुडावर बसल्याने मणक्याला चीर जाऊ शकते. त्यांना पाटाऐवजी रबरी पायांचं प्लास्टिकचं स्टूल द्या, खाली रबरी मॅट टाका आणि घरातल्या सगळ्यांच्या आधी, फरशी कोरडी असताना त्यांना न्हाऊ घाला. मोठ्या माणसांचा मानही राहतो.

एवढं करूनही उसण भरलीच, तर गेल्या वर्षीसारखं चार दिवस झोपून राहू नका. पहिला दिवस पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा किंवा गुडघ्यांखाली दोन उशा घ्या, गरम पाण्याची पिशवी पंधरा-वीस मिनिटं, आणि जागेपणी दर तासाला उठून पाच मिनिटं घरात चाला. दुसऱ्या दिवसापासून हलकी कामं. पडून राहिल्याने स्नायू आणखी आखडतात, हे आता जगभरचे डॉक्टर सांगतात. दुखण्याच्या गोळ्या घरातल्या डब्यातून काढून घेऊ नका, विशेषतः रक्तदाब, मूत्रपिंड, आम्लपित्त किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर. पायाळू मुलाबद्दल म्हणाल तर पाय हलकेच लावला असेल तर बिघडत काही नाही. उसण आपली आपण उतरणारच असते, श्रेय त्या पोराला मिळतं आणि एखादा लाडूही. पण पाठीवर लाथ मारायची जी पद्धत आहे ती कुणालाही करू देऊ नका, सासूबाईंच्या पाठीवर तर मुळीच नाही.

काही लक्षणं दिसली तर मात्र सण बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लघवी अडकली किंवा नकळत झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पायाचं पाऊल उचलता येईना, पडल्यानंतर पाठ दुखू लागली, दुखण्याबरोबर ताप आला. आणि पाठीच्या वरच्या भागात, खांद्यात, जबड्यात दुखून घाम फुटला, जीव घाबरा झाला तर ‘पंखा पुसल्यामुळे असेल’ म्हणून शेक देत बसू नका, ते हृदयाचं असू शकतं. बायकांमध्ये ते पुष्कळदा पाठदुखीच्या रूपात येतं आणि घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

भाऊबीजेला नाशिकला जायचंच आहे, तेव्हा तेही सांगून टाकते. गाडीत कमरेच्या खोलगट भागामागे टॉवेलची सुरळी ठेवा, गुडघे खुब्यांपेक्षा किंचित खाली राहतील असं सीट सरकवा. शहापूरला एकदा आणि घाट चढून इगतपुरीला एकदा उतरून पाच मिनिटं चाला, मिस्टर कितीही ‘आता आलंच’ म्हणाले तरी. पोचल्यावर डिकीतली फराळाची पिशवी लगेच उचलू नका, तीन तास बसून आलेली कंबर असते. आधी भावाला भेटा, पिशव्या तो आणेल.